देवाला घाई नव्हती

"देवाला घाई नव्हती," असं म्हणत तो फळ्यावर आधी मासा काढायचा. मग बेडूक, सरडा, माकड आणि शेवटी धोतर नेसलेला माणूस. जामखेडजवळच्या आमच्या हायस्कुलात तो विज्ञान शिकवायचा आणि गावातल्या भैरवनाथाची पूजाही करायचा, कारण त्याचं घराणं गुरवाचं. मी गणिताचा मास्तर, देव न मानणारा.

"माकडाचा माणूस आपोआप झाला, मग तुझा देव काय करत होता?" मी डिवचायचो.

"माणूसच घडवत होता, सावकाश. निवड करता यावी म्हणून. नाहीतर माकडं काय वाईट होती?"

देव मानणारे विज्ञानवाले तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या एका खिशात देव असतो, दुसऱ्यात पुस्तक. याला एकच खिसा होता आणि तिथेच माझं डोकं फिरायचं.

त्या साली दुष्काळ होता. तेव्हाच्या अकरावी मॅट्रिकमधल्या एका हुशार मुलीला नर्सिंग शिकायला नगरला जायचं होतं. लग्न लावलं तर घरातलं एक तोंड कमी होईल, असा तिच्या बापाचा हिशेब. बाप म्हणाला, देवाला कौल लावू. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर पोरगी शिकणार, डावी पडली तर लग्न.

आदल्या दिवशी मी याला गाठलं. "उजवीला पाणी कमी लाव. समईच्या बाजूला आहे, आधी वाळेल, आधी पडेल. बाष्पीभवन तूच शिकवतोस."

"मी पाडली तर तो कौल कुणाचा?"

"कुणाचा का असेना, पोरगी तर सुटेल."

दुसऱ्या दिवशी यानं फूल हातातसुद्धा घेतलं नाही. बापाला म्हणाला, "ह्ये देवाला इचारायचं न्हाई. देवानं पोरीला डोकं दिलंय, तिला इचारा."

"तिला काय इचारायचं, गुर्जी? ती व्हयच म्हननार."

बाप तडक शेजारच्या गावच्या देवळात गेला. तिथे डावी पडली. महिन्याभरात लग्न उरकलं.

मी सगळ्या शिक्षकांसमोर ओरडलो, "तुझ्या सोवळ्यापायी पोरीचा बळी गेला." तो म्हणाला, "खोटा कौल देऊन उद्या वर्गात खरं काय सांगू?" मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही.

ती माहेरी बाळंतपणाला आली तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. फळ्यावर मासा काढलेला होता.

"गुर्जी, देवाला घाई नव्हती, म्हनायचा तुमी. माज्या बापाला हुती."

त्यानं फळा पुसला आणि वर्ग सोडून दिला. पुढे तो धडा दर वर्षी शिकवला, पण ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. निकाल लागला की कुणी देवळात जायच्या आत हाच मुलींच्या घरी जाऊन बापांसमोर ठाण मांडायचा. काही ऐकायचे, काही हाकलून द्यायचे. मला चल म्हणाला नाही, आणि मीही गेलो नाही.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा देवळात गेलो तर नवा गुरव पाकळ्या लावत होता. समोर एक बाप हात जोडून बसलेला, शेजारी त्याची पोरगी. त्या बापाला मी काही बोललो नाही. पायरीवर उभा राहून मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याही यालाच, मेलेल्या माणसाला.