बोटीच्या पोटातलं पाणी

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बी.एस्सी., केमिस्ट्री, सेकंड क्लास. पण निकाल घेऊन शिरूरहून दौंडच्या एसटीत बसले तेव्हा माझा रुबाब फर्स्ट क्लासच्याही वरचा होता.

आई तेव्हा एका साहेबांची शिडाची बोट सांभाळायची. साहेब पुण्याचे, लष्करातून निवृत्त झालेले. धरणाचं पाणी भीमेत मागं फुगत आमच्या गावापर्यंत येतं, तिथं काठावर त्यांची पत्र्याची शेड होती. बोटीला खाली वजन लागतं, नाहीतर शिडात वारा भरला की ती आडवी होते. या बोटीला वजन होतं पाण्याचं. तळाशी एक बंद टाकी, वर दोन-तीन झाकणं. बोट नदीत उतरली की ती भरायची, गाड्यावरून काठाला ओढली की मागचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून रिकामी करायची.

आता आमच्या नदीचं पाणी म्हणजे सगळ्या पुण्यानं हात धुतलेलं. टाकीत आठवडाभर राहिलं की हिरवं, पंधरवड्यात बुळबुळीत. मागच्या खेपेला झाकण उघडलं तर साहेबांची नात नाक दाबून पळाली. मग साहेबांनी एसटीडी बूथवर निरोप ठेवला: रविवारी मुंबईचा मित्र येणार, टाकी अशीच राहणार असेल तर बोट त्याला देऊन टाकणार.

बोट गेली की आईचं काम गेलं. बाकीच्या बाया खुरपायला जात. आमची आई कमरेला शेडची किल्ली लावून बाजारात जायची, आणि ती किल्ली दिसेल अशीच लावायची.

शनिवारी मी शेडवर गेले तेव्हा ती काठावर ओढलेल्या बोटीत पालथी पडून, बशीएवढ्या भोकातून टाकीत हात घालून काथ्यानं घासत होती. दंड सोलवटला होता. मला ते बघवेना.

"आई, हे हातानं करायचं काम नाही. केमिकलचं आहे."

"व्हय का? मग करा की, म्याडम."

मी कागदावर हिशोब मांडला, टाकीत किती पाणी, किती पावडर. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणली, टाकी पाण्यानं भरून तीत तशीच ओतली आणि झाकणं लावून ऐटीत घरी आले.

रविवारी उजाडताच कॉक उघडला. दोन थेंब पडले आणि थांबले. शेवाळ मेलं होतं खरं, पण पापुद्रे सुटून, न विरघळलेल्या चुन्यात कालवून कॉकच्या तोंडाशी घट्ट बसलं होतं. हिशोब बरोबर होता माझा. उत्तर तेवढं चुकलं होतं.

मला रडू यायला लागलं. आई ओरडली नाही. सायकलची तार कॉकात खुपसत तिनं विचारलं, "कल्हईवाला आधी काय करतो गं? भांडं घासतो का कल्हई लावतो?"

"घासतो."

"मग?"

मी डोळे पुसले आणि तारेचं दुसरं टोक धरलं.

पांढरं-हिरवं पाणी भसकन बाहेर आलं. आई पुन्हा पालथी झाली. गाल बोटीच्या फळीला टेकलेला, डोळे मिटलेले, हात खांद्यापर्यंत आत. टाकीत आडव्या भिंती होत्या, त्यांच्या मागं बॅटरीचाही उजेड पोचत नव्हता. तिची बोटं पोचत होती. "हितं हाय... हितं बी हाय... ह्यो कोपरा झाला." माहेरी, शेरडं-मेंढरं असताना, दुधाच्या किटल्या तिनंच घासलेल्या. "किटलीच्या गळ्याखाली डोळा जात न्हाई," ती म्हणाली, "बोट जातं. बोटाला खोटं सांगता येत न्हाई."

मी विहिरीच्या पाइपाच्या तोंडाला फडकं बांधून पाणी सोडत राहिले. तीनदा खळबळून झाल्यावर तिनं हात बाहेर काढला. "आता दे तुजं आवशीद."

या वेळी मी पावडर बादलीत कालवली, खाली बसू दिली, वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत घातलं. तासाभरानं सोडून दिलं, दोनदा धुतलं. आईनं लुगड्याच्या चिंध्यांनी आतनं पुसून घेतलं.

तेवढ्यात गाडी आलीच. मुंबईचा मित्र बॅटरी काढायला लागला.

"ब्याटरी कशाला, सायेब? नाक घाला."

साहेब गुडघ्यावर बसले, वास घेतला. पुन्हा घेतला. मग हात घालायला गेले आणि मनगटाचं घड्याळ भोकाच्या कडेला अडकलं. मित्र हसून म्हणाला, "मला बोट देताय की हात?"

हात सोडवत साहेबांनी माझ्याकडं बघितलं. पदवीची बातमी त्यांना कळली होती. "केमिस्ट्रीची करामत का, बेटा?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "दोघींनी क्येलं. पर घासलं म्या."

"मग बोट कुठं जात नाही," साहेब म्हणाले. मित्र पिठलं-भाकरी खाऊन रिकाम्या हातानं मुंबईला गेला.

पुढं मी कोरेगाव भीमाला कारखान्याच्या लॅबला लागले. पण त्याआधी आईनं शेडच्या भिंतीवर माझ्याकडून ऑइलपेंटनं लिहून घेतलं. आधी घासणे. मग औषध. धुऊन, पाणी मागनं निथळावं म्हणून बोट नाक वर करून उभी करणे. झाकणं उघडी ठेवणे.

तिला वाचता येत नव्हतं. म्हणून शेडमध्ये कोणीही आलं, अगदी तलाठी आला, तरी ती भिंतीकडं बोट करायची. "माज्या पोरीनं लिवलंय. वाचा की मोठ्यानं. पैल्यापासनं."