तांब्याच्या घंगाळातलं बी

विषाचं नाव काढलं तरी माझं डोकं सणकतं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, अर्धी जिंदगी पाठीवर फवारणीचा पंप वाहिला. तोंडाला रुमाल नाही, हातात मोजे नाहीत. औषध काठीनं ढवळायचं तर हे बादलीत हात घालून ढवळायचे, आणि वर मलाच म्हणायचे, काय होत न्हाई, सवय हाय. मागं एका साली कपाशीत फवारताना सरीतच आडवे झाले. शेजारच्या शेतातल्या लोकांनी उचलून आणलं, आणि आम्ही गाडी करून कंधारहून नांदेडला नेलं. त्यांनी डोळे उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांना विषाच्या वाऱ्यालाही उभं करू नका, पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल. तेव्हापासून ह्यांची बोटं थरथरतात. चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागते.

पंप बंद केला, पण शेत कसं बंद करणार? आमची काळी जमीन, हरभऱ्याचं रान. हरभऱ्याला मर लागते. हिरवंगार झाड बघता बघता मान टाकतं, बुडाशी चिरून पाहिलं तर आत काळी रेघ. मातीतली बुरशी मुळातून वर चढते आणि झाडाचं पाणीच तोडते. मर दिसली की हे पंपाकडे धावणार, हे मी ओळखून होते. म्हणून मर दिसूच नये, एवढंच मला पाहिजे होतं.

माझं माहेर औशाकडचं. तिकडून कळलं, लातूरला बायकांसाठी बीजप्रक्रियेचं प्रशिक्षण आहे. गेले. तिथल्या सरांनी सांगितलं, मातीतले सगळेच जंतू वाईट नसतात. काही जिवाणू मुळाशी घर करून राहतात. मूळ त्यांना आपला गोड रस पाजतं आणि ते मुळाची राखण करतात. बुरशीला बसायला जागा ठेवत नाहीत, तिच्या वाट्याचं आधीच खाऊन टाकतात. मला नवल वाटलं ते पुढचं. ते झाडालाच जागं करतात. गल्लीच्या तोंडाला कुत्रं भुंकलं की आतली घरं कड्या लावून घेतात ना, तसं. रोग दारात यायच्या आधी झाड आतून तयार होऊन बसतं, आणि मुळाशी जागं झालेलं झाड पानावरच्या रोगालाही सहजासहजी हार जात नाही. म्हणजे बाहेरून मारायचं काहीच नाही, झाडाची स्वतःचीच ताकद. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, सापडला इलाज. आता ह्यांना पंपाला हात लावायची गरजच पडणार नाही.

जिवाणूंच्या बाटल्या आणल्या. काम सोपं होतं. थंड पाण्यात गूळ विरघळवायचा, त्यात बाटलीतलं कल्चर ओतायचं, बियाला हलक्या हातानं चोळायचं आणि सावलीत सुकवून पेरायचं. मी प्लास्टिकचा टब घासूनपुसून घेतला. मालक ओट्यावर बसून माझी फिरकी घेत होते, आता बियाला काजळ-तीटपण लावा म्हणे. किती दिवसांनी हसत होते. मीही चिडल्याचं सोंग केलं.

उगवण झकास झाली. थंडी चांगली पडली, पीक गुडघ्याकडे सरकलं. आणि फुलं लागायच्या सुमाराला विहिरीकडच्या तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, झाडं माना टाकायला लागली. मी अख्खं रान पायाखाली घातलं. बाकी सगळा हरभरा टवटवीत, मर फक्त विहिरीकडच्या पट्टीत. एकच रान, एकच बी, एकाच दिवशी पेरलेलं. मग तेवढ्याच झाडांनी काय पाप केलं होतं?

घरी येऊन मी बाटल्यांवर राग काढत बसले होते, तर सासूबाईच म्हणाल्या, त्या पट्टीचं बी तर मी माझ्या हातानं केलेलं. आमच्या घरात पेरणीचं पहिलं बी थोरल्या बाईच्या हातचं असतं. देवघराशी तांब्याचं घंगाळ ठेवायचं, त्यात बी घ्यायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि तेच आधी मातीत जायचं. पेरणी विहिरीकडून सुरू होते. ही रीत मला माहीत होती, पण मला वाटलं, कोरड्या बियाचीच पूजा झाली असेल. सासूबाईंनी आदल्या दिवशीच एक बाटली नेऊन गुळाच्या पाण्यात कालवली होती, घंगाळातच. चांगलं मुरू दे म्हणून रात्रभर तशीच ठेवली, आणि सकाळी बी त्यातच चोळलं. धुणं बुडवायच्या टबात लक्ष्मी कशी घालावी, हा त्यांचा सवाल. खरं म्हणजे त्यांनी माझ्या बाटलीचा मानच केला होता.

मी लातूरच्या सरांना फोन लावला. भांडं कोणतं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, गुळाच्या पाण्यात तांबं उतरतं आणि ह्या जिवांना तांबं सोसत नाही. रोगावर आपण तांब्याचं औषध मारतो ते त्याच गुणामुळे. तुमच्या पहिल्या बियासोबत मातीत गेले ते मेलेलेच जिवाणू असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवून मी सासूबाईंना सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मंग आता त्याला पंप उचलावा लागल का?"

माझा राग तिथंच बसला. आम्ही दोघी एकाच गोष्टीला भ्यायलो होतो.

मालकांना मी समजावलं. रोगट झाडं उपटून जाळून टाकू, बाकीच्याला धक्का लागणार नाही, त्याची मुळं राखलेली आहेत. त्यांनी ऐकलं. झाडं उपटलीसुद्धा. पण मग त्याच पट्टीत शेजारच्या तासात आणखी चार-दोन झाडं सुकली, आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ताटावरून उठून अंगणात येरझाऱ्या घालायचे. "डोळ्यासमोर मरून राहिलंय, आन् म्या निस्तं बघत बसू?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही जे ओताल ते बुरशीलाही मारेल आणि चांगल्या झाडांच्या मुळाशी बसलेल्यांनाही, त्याला आपलं-परकं कळत नाही. ते मान डोलावून "हाव" म्हणाले. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात खुंटीला पंप नव्हता. मी हातातलं शेण तसंच टाकून पळाले. पंप विकून का टाकला नाही म्हणून स्वतःला शिव्या घालत पळत होते. हे विहिरीच्या कडेला बसले होते. पंप भरलेला, बोटांना औषधाची निळसर भुकटी लागलेली. पट्टा खांद्यावर चढवायची खटपट चालली होती, पण बोटं ऐकत नव्हती, आणि पट्टा सारखा घसरत होता. मी पंपावर हात ठेवला आणि तोंडाला येईल ते बोलले. डॉक्टरांचं काढलं, नांदेडचं काढलं, लेकरांचं काढलं. मग रानाकडे बघत म्हणाले, "समदं ते डोळ्याला न दिसणारे जीवच करणार. झाड सोताला राखणार. मंग म्या कशाला हाय?"

लातूरला हे कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना त्या विषापासून ओढत होते, आणि त्यांना वाटत होतं मी शेतापासूनच ओढतेय. मी त्यांच्याशेजारी मातीत बसले. म्हटलं, "जळू द्या तो हरभरा. मला तुम्ही पाहिजेत." लग्नाला एवढी वर्षं झाली, असं काही मी कधी बोलले नव्हते. त्यांनी मान वळवली. पण हात पुढे केले, आणि मी साबण लावून ते धुतले.

विहिरीकडची पट्टी गेली. बाकी रान शेवटपर्यंत उभं राहिलं, घाटे चांगले भरले. लातूरचे सर आता इतर बायकांना आमच्या रानाचं उदाहरण देतात, आणि मी मान डोलावते. पंप मी भंगारवाल्याला देऊन टाकला. त्यानं काय होतंय? शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोठ्यात पंप टांगलेलेच आहेत, मागितला तर कोण नाही म्हणेल? झाडं आपली आपण सावध होतात, त्यांची फिकीर मी कधीच सोडली. आता रानात एखादं पान पिवळं दिसलं की मी झाड बघायला थांबत नाही. आधी घरी येते आणि हे आत आहेत का बघते.