आपलं झालं की बंद

संगणकाच्या पडद्यावरची हिरवी पट्टी टोकाच्या जरा अलीकडे कधीची थांबली आहे. आमच्या गावच्या एका जुन्या दशावतारी नाटकाचं रेकॉर्डिंग उतरवून घेतोय. ते कुठल्या एका मोठ्या यंत्रावर ठेवलेलं नाही. त्याचे तुकडे गाव सोडून पांगलेल्या आम्हा लोकांच्या संगणकांवर आहेत. हाती आलेला तुकडा लगेच दुसऱ्याला द्यायचा आणि आपलं पूर्ण झालं तरी इतरांना घेता यावं म्हणून थोडे दिवस दार उघडं ठेवायचं, एवढीच रीत. ज्याने मुळात हे चढवलं, त्याचा संगणक केव्हाच भंगारात गेला. आज सगळ्यांकडे सगळं आहे, फक्त एक तुकडा दार उघडं ठेवणाऱ्या कुणाकडेच नाही. द्रौपदी हाक मारायला तोंड उघडते आणि तिथेच आवाज तुटतो.

पूर्ण नाटक एकट्या माझ्या मेहुण्याकडे आहे. इतरांना देणं पुन्हा सुरू कर म्हटलं, तर म्हणतो, "माझं झालं ना उतरवून, भाऊजी. आता लोकांसाठी माझं नेट कशाला घालवू?"

अरे, तुझं उतरलं ते कुणाच्या नेटवर? आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. याने वाटीच ठेवून घेतली.

एवढ्यात त्याचा फोन आला. त्याचा संगणक बिघडला होता, आतलं सगळं पुसलं गेलं होतं.

"भाऊजी, तुमच्याकडे आहे ना ते नाटक? पूर्ण असेल तर पाठवा."