हौसाबाईंचा गुडघा

हौसाबाई आपल्या गुडघ्याला शिव्या घालायच्या. भुकूमच्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत पहिल्यांदा आल्या त्या लेकाच्या खांद्यावर भार टाकून. पलंगावर बसल्या आणि डाव्या गुडघ्यावर चापट मारून म्हणाल्या, "मुडद्या, जल्मभर डोंगर हिंडवला तुला, आन् आता वाकाया लाजतुयास व्हय?" मला हसूच फुटलं. मोडलेलं हाड जुळून प्लास्टर निघालं होतं, पण पाय लाकडासारखा ताठ झाला होता.

मुठा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्या शेरडांबरोबर एकट्याच राहायच्या. लेक ज्ञानू भुकूमच्या एका नव्या सोसायटीत वॉचमन. त्यानं माझ्यासमोरच बजावलं, "दसऱ्यापातुर पाय वाकला न्हाई, तर शेरडं इकणार. मग माझ्याकडं ऱ्हायाचं." हौसाबाई त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "बाई, शेरडं गेली तर मी काय भिताडासंगं बोलू?"

सारखं खाली येणं त्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून ज्ञानूनं आईला दिलेल्या स्मार्टफोनवर मी कोन मोजायचं ॲप टाकून दिलं. फोन नडगीला बांधायचा, पाय सरळ ठेवून बटण दाबायचं, मग वाकवायचा. किती अंश वाकला ते आपोआप माझ्या फोनवर यायचं. हौसाबाईंनी ते एका दमात शिकून घेतलं. लुगड्याच्या चिंधीनं फोन बांधत म्हणाल्या, "शेरडाला घुंगरू, तसा मला ह्यो."

आकडा वर चढत गेला. कधी थोडा, कधी बराच, पण मागे कधी आला नाही. मी फोन करून शाबासकी दिली की म्हणायच्या, "तुमच्या हाताला यश हाय, बाई!" मी फुगायचे. कुणी विचारो न विचारो, त्यांची गोष्ट सांगत सुटायचे. दसऱ्याआधी ज्ञानू आला, तेव्हा फोन त्याच्यापुढे धरून मी म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला? शेरडं राहू दे. मी सांगते ना!" माझ्या शब्दावर विसंबून तो परत गेला.

दिवाळीनंतर त्यानं आईला पुन्हा आणलं. उतारावर शेरडामागे जाताना पाय वाकला नाही, त्या कोसळल्या होत्या आणि मनगट मोडलं होतं. मी गुडघा हातात घेतला. चाळीस अंशांवर अडला. हौसाबाई भिंतीकडे बघत होत्या.

"आजी, मग ते आकडे?"

"उजव्या पायाचं," त्या म्हणाल्या. "ह्यो लई दुखायचा."

"आणि रोज थोडे थोडे वाढायचे ते?"

"एकदम समदा वाकवला आसता तर तुमी वळखलं आसतं."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. चांगला पाय बेताबेतानं वाकवत या बाईनं मला गोड बोलून झुलवलं होतं.

"मला का नाही सांगितलंत? मी ज्ञानूशी भांडले असते!"

"तुमी सरळ बाई. खरं सांगून मोकळ्या झाला आसता."

ज्ञानू दारातच उभा होता. मला म्हणाला, "बाई, तुमच्या शबुदावर ठिवली व्हती शेरडं."

ती त्याच आठवड्यात विकली गेली. हौसाबाई आता माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, लेकाकडे राहतात. माझा राग अजून गेलेला नाही. तरी मी ज्ञानूकडून निरोप धाडला, या, अजून पाय वाकेल. उत्तर घेऊन तोच आला. आई म्हणते, "आता वाकवून जाऊ कुटं?"