चुन्याचं बोट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चाळीस बाटल्यांना चुना लावला.

दिंडोरीकडच्या एका वायनरीत मी पिंपं धुवायला आणि कौसा, म्हणजे माझी बायको, द्राक्षं निवडायला. जुनी लाल वाईन आडवी ठेवतात. वर्षं जातात तसा तिचा गाळ खालच्या अंगाला बसतो. बाटली हलवायची झाली तर वरचं अंग वरच राहायला हवं, म्हणून त्यावर चुन्याचं एक बोट ओढायचं. त्या दुपारी बाटल्या नव्या खोलीत न्यायच्या होत्या. मी धरायचो, कौसा तिच्या तंबाखूच्या चुनाळीतला चुना बोटावर घेऊन रेघ ओढायची.

ही वाईन तिच्याच नाकानं झालेली. पिंपातला थेंब तळहातावर घासून ती वास घ्यायची, मग तोंडात घोळवून थुंकायची. गिळला नाही कधी एक थेंब. चव घ्यायच्या दिवशी तंबाखूला हातसुद्धा लावायची नाही. सात वर्षांपूर्वी तिनं मालकाला सांगितलं, तीन हिस्से शिराझ द्राक्षाची, एक हिस्सा कॅबर्ने द्राक्षाची. मी म्हणालो, दोनास एक. मालकानं तिचं ऐकलं. सात वर्षं मी तिला टोमणे मारले की पिंप नासवलंस.

चाळिसावी बाटली ठेवताना ती म्हणाली, "आता तरी कबूल करा की तीनास एक बरोबर होतं."

"उघडल्यावर बघू," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी ती गेली. ताप डोक्यात गेला, डॉक्टर म्हणाले.

तीन महिन्यांनी मालकानं बोलावलं. चेन्नईच्या एका हॉटेलवाल्याला जुनी वाईन हवी होती. "सहा बाटल्या घेऊन तूच जा. दुसरा कोणी आपटत नेईल. त्याला आवडली तर उरलेल्या चौतीस घेईल. नाही आवडली तर सगळं ब्रँडीच्या भट्टीला देऊन टाकू." परवान्याचे कागद त्यानं करून दिले. मी चौथी शिकलेला माणूस, नाशिकच्या पलीकडे फारसा गेलेलो नाही. पण भट्टी म्हटल्यावर निघालो.

मनमाडला गाडीत बसलो. पेटीत गवत, गवतात बाटल्या, चुना वर. एक रात्र आणि दोन दिवस पाय पेटीला लावून होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय आहे एवढं?" म्हटलं, "बायकोचं आहे." तिनं आपलं गाठोडं पेटीपासून बाजूला सरकवलं.

चेन्नईत उतरलो तर गरम फडकं तोंडावर टाकल्यासारखी हवा. माझा मुलगा राजू तिथं गाड्यांच्या कारखान्यात आहे. गिंडीजवळ भाड्यानं राहतो. घरमालकीण सुंदराबाई, तंजावरकडच्या मराठी. भाषा आपलीच, पण सूर तमिळ, आणि 'सांगितलं'ला 'सांगटलं' म्हणतात.

"या निवृत्तीराव. आंघोळ करा, मग सापाड (जेवण). पेटीत काय?"

मी तोंड उघडायच्या आत राजू म्हणाला, "द्राक्षाचा रस, मामी." मग माझ्या कानात, "सोवळ्याचं घर आहे दादा. खोली जाईल माझी."

मला खोटं आवडत नाही. पण त्याची खोली होती. गप्प बसलो. रविवारी हॉटेलवाला चव घेणार होता. प्रवासात हललेला गाळ पुन्हा बसावा म्हणून मी गुरुवारीच पोचलो होतो. बाटल्या जिन्याखाली आडव्या ठेवल्या, चुना वर.

सुंदराबाईंनी जेवायला घातलं ते अजून जिभेवर आहे. सांबार, केळफुलाची भाजी, आणि भातावर मी नको म्हणेपर्यंत रसम (चिंचेचं पातळ तिखट सार). मी नको म्हटल्यावरही एक वाटी घातलंच. कौसाला असली बाई आवडली असती. दोघींनी मिळून मला जगू दिलं नसतं.

शनिवारी सकाळी मी समुद्र बघायला म्हणून बसनं चेन्नईजवळच्या कोवलमला गेलो. होड्या वाळूवर ओढलेल्या, बायका मासळीवरून भांडताहेत, एक शब्द कळत नव्हता पण भांडण सगळं कळत होतं. बरं वाटलं. दुपारी परत आलो तर जिन्याखाली जागा रिकामी.

खिडकीत सहा बाटल्या उभ्या. चकचकीत. काचेवर धुळीचा कण नाही, चुन्याचा डाग नाही.

"अस्की (सगळ्या) बाटल्या धुवटलं," सुंदराबाई हसत म्हणाल्या. "चिंच लावून घासटलं. पाहुण्याचं सामान इतकं मळकं? पांढरं पांढरं काय ते, निघतच नव्हतं!"

मी पायरीवर बसलो. मग जे होतं ते बोलून टाकलं. रस नाही, वाईन आहे. ते पांढरं माझ्या बायकोचं बोट होतं. ती आता नाही. राजूचं तोंड पडलं.

सुंदराबाईंनी आधी खिडकीतल्या बाटल्यांकडे बघितलं. मग राजूवर उसळल्या, "वाईन म्हणून सांगटलं असतं तर मी हात लावटलं असतं कां? रस म्हणे!" आणि रागातच आत जाऊन त्यांच्या पानाच्या डब्यातला चुना घेऊन आल्या. डोळे भरलेले. "घ्या. तुम्ही लावा."

"नको," मी म्हणालो. "ते तिचं होतं."

आता आडवं ठेवण्यात अर्थ नव्हता. घासताना गाळ सगळा उठलेला. उभ्याच ठेवायच्या आणि उद्या दुपारपर्यंत काही हलू द्यायचं नाही. एवढाच उपाय.

"हलू द्यायचं नाही म्हणजे?"

"जमीनसुद्धा नाही."

त्या बाईनं त्या दिवशी इडलीचं वाटण लावलं नाही. दगडाच्या ग्राइंडरनं फरशी थरथरते म्हणून. रविवारी त्या घरात सगळ्यांच्या आठवणीत पहिल्यांदाच इडली झाली नाही. सगळे उपमा खात होते आणि सुंदराबाई खिडकीशी स्टूल टाकून पहाऱ्यावर. वरचा भाडेकरू जिना धडधडत उतरला तर त्याला तमिळमध्ये असं काही ऐकवलं की तो परत जाताना चपला हातात घेऊन गेला.

दुपारी रिक्षानं हॉटेलात गेलो. पेटी मांडीवर. मी रिक्षावाल्याला सारखं हळू, हळू. तो राजूला म्हणाला, "तात्ता (आजोबा) पेटीत नवरी घेऊन चाललेत काय?" राजूनं मला ते मराठीत सांगितलं आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो म्हणून सांग त्याला."

हॉटेलवाला सेल्वम म्हणून, पन्नाशीचा, बारीक. मी म्हटलं, ओतणार मी. बाटलीच्या मानेमागं टॉर्च धरायला राजूला लावलं आणि एका दमात, हात न थांबवता ओतत गेलो. गाळाचा काळा धागा मानेपाशी आला की थांबायचं. पहिली स्वच्छ उतरली. दुसरी पण. तिसरीचा धागा फार लवकर आला. अर्धी बाटली गढूळ. सेल्वमनं भुवई वर केली.

"ती घासली गेली," मी म्हणालो. "वाईनचा दोष नाही. पहिली बघा."

त्यानं पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला. कडेला रंग विटकरी झाला होता, जुन्या वाईनचा व्हायला हवा तसा. वास घेतला, घोट घोळवला, थुंकला. पुन्हा घेतला. या वेळी गिळला.

"तुरटपणा पूर्ण विरघळलाय," राजू त्याचं इंग्रजी मला सांगत होता. "शेवटी किंचित कडू लागते, म्हणतात."

"ती तशीच होती," मी म्हणालो.

राजूनं ते पुढं सांगितलं की नाही माहीत नाही. सेल्वमनं विचारलं, हिस्से कुणी ठरवले? म्हटलं, बायकोनं. तुमचं काय मत होतं? म्हटलं, मी भांडत होतो. तो हसला आणि एक पेला माझ्यापुढं सरकवला.

ती गेल्यापासून मी वाईन तोंडात घेतली नव्हती. घेतली. आधी भिजलेल्या गोणपाटाचा वास, मग जुन्या गुळाच्या ढेपेचा, मग जांभळं. कशावर कशाचा जोर नाही. माझ्या हिशेबानं कॅबर्ने जास्त पडली असती तर तीच वर ओरडत राहिली असती. मला थुंकता आलं नाही. सेल्वम म्हणाला, चौतीसही पाठवा. मी नुसती मान हलवली.

निघताना सुंदराबाईंनी वाटेसाठी चिंचेचा भात बांधून दिला. "उघडलं ते चांगलं होतं कां?" त्यांनी हळूच विचारलं. म्हटलं, "चांगलं होतं." त्या म्हणाल्या, "मग माझं पाप अर्धं." राजूची खोली गेली नाही. उलट आता त्याला त्या विचारून विचारून जेवायला घालतात, असं त्यानं फोनवर सांगितलं.

येताना पेटी रिकामी होती. तरी पाय तिलाच लावून बसलो. जाताना वाटत होतं, वाईन पसंत पडली की जिंकलो. आता कळलं, पसंत पडली म्हणूनच त्या चौतीस बाटल्या जाणार, आणि त्यांच्यावरची चौतीस बोटंही. भट्टीत जाण्यापेक्षा बरं. कुणीतरी टेबलावर आदरानं ओतेल.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळीतली तिची चुनाळी काढली. चुना सुकून खडा झाला होता. पाण्याचे चार थेंब टाकले, मऊ होईपर्यंत थांबलो आणि वायनरीत गेलो. यंदाच्या नव्या बाटल्या आडव्या लावून झाल्या होत्या, चुन्यावाचून. पहिलीवर बोट ओढलं. माझं बोट जाड, रेघ वाकडी पडली.

"तीनास एक बरोबर होतं," मी मोठ्यानं म्हणालो, आणि दुसरी बाटली घेतली.