मामांचं चौथं रीडिंग

शिरूर तालुक्यात कुठलंही काम नेमकं कशामुळं रखडलंय हे छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे धाकटे मामा. ते काम पुढं कसं सरकवायचं हे मात्र त्यांना विचारू नये, तो त्यांचा विषय नव्हे. न्हावऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी उभी हयात केमिस्ट्री शिकवली. त्यातही रासायनिक क्रियेचा वेग या एका धड्यावर त्यांचा एवढा जीव, की बाकीचं पुस्तक त्यांनी पगारापुरतंच शिकवलं असावं. मीही दोन वर्षं त्यांच्या वर्गात काढली. भर वर्गात ते मला 'भाचेबुवा' म्हणत, त्यामुळं न्हावऱ्यात माझं खरं नाव आजही कुणाला ठाऊक नाही.

घंटा झाली तरी मामांचा धडा काही संपत नसे. रसवंतीसमोर गर्दी दिसली की हे उभे. "ही झिरो ऑर्डर. गिऱ्हाईक पाच असू दे न्हाईतर पन्नास, चरक आपल्याच गतीनं फिरणार. मग कशाला कालवा करताय?" एवढं सांगेपर्यंत लोकांनी त्यांना ढकलत ढकलत रांगेच्या शेवटी पोचवलेलं असे. तळेगाव ढमढेरे हे मामीचं माहेर. तिथल्या बाजारात एकदा तिनं त्यांना मेथी आणायला पाठवलं, तर हे मेथीवालीसमोर घड्याळ काढून उभे राहिले. ढीग निम्मा व्हायला किती वेळ लागला, उरलेला निम्मा व्हायला किती, हे बघत. दोन्ही वेळ सारखे भरल्यावर "फर्स्ट ऑर्डर" असं पुटपुटत, तृप्त चेहऱ्यानं, रिकामी पिशवी घेऊन घरी आले. मामी अजून सांगते, "ह्यांना मेथी आणाया धाडलं, तर ह्ये मेथी सपायची वाट बघत बसले."

त्यांच्या शिकवण्यातली खरी मजा लग्नपत्रिकेत होती. "समीकरण म्हंजी लग्नपत्रिका," ते सांगत. "निमंत्रक, प्रेषक, समस्त भावकी, शंभर नावं छापलेली. पण पंगतीत वाढायला कंबरेत वाकतं कोण? दोघं. एका टप्प्यात खरोखर एकमेकांवर आदळणारे रेणू किती, ती मॉलिक्युलॅरिटी. ती एक असंल, दोन असंल. दीड कवाच नसती, कारण अर्धा रेणू आदळायला येत न्हाई. आन् ऑर्डर म्हंजी काय, तर कुणाला वाढवलं की वेग किती वाढतो. ती पत्रिका वाचून कळत न्हाई. मांडवात जाऊन बघाय लागती." पुढच्या आयुष्यात जेवढी लग्नं मी जेवलो, त्या प्रत्येक ठिकाणी मी वाढपी मोजले आहेत.

प्रॅक्टिकलच्या वेळी मात्र हा माणूस कडक व्हायचा. रीडिंग आलं तसं लिहायचं, खाडाखोड करायची नाही. तीन वेळा सारखं आलं की थांबायचं. "चौथं जो घेतो, त्याला रीडिंग नको असतं, आपल्या मनातलं उत्तर हवं असतं," असं म्हणून त्यांनी कित्येक पोरांच्या जर्नलवर लाल रेघ ओढली. माझ्या तर दोनदा.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क समजतात. शीतल ही मामांची एकुलती एक मुलगी. तिच्या बारशालाच भावकीतल्या एका आबांनी "ही आक्काच्या पोराला" असं जाहीर करून टाकलं. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो आणि माझी काही हरकत नव्हती. अठ्ठाविसाव्या वर्षीही नव्हती. खरं सांगायचं तर तोवर ती मला मनापासून आवडायला लागली होती. दौंडला माझं शेतीच्या औषधांचं दुकान बऱ्यापैकी चालत होतं. आई लग्नाची तारीख धरायला निघाली, तेव्हा मामा म्हणाले, "पत्रिकेत दोघांची नावं हायेत, ते खरं. पण आधी बघू तरी. भाचेबुवा, दर रविवारी येत जा."

मला वाटलं, जावयाचा मान सुरू झाला. इस्त्रीचा शर्ट घालून, जिलेबी घेऊन मी दौंडहून न्हावऱ्याला मोटरसायकल हाणायला लागलो. शीतल तेव्हा एमएस्सीला होती. ती चहा आणायची, "दुकान कसं चाललंय?" विचारायची, "गाडी सावकाश ने," म्हणायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. आठवड्याला दोन वाक्यं. मामा ओट्यावर वही घेऊन बसलेले असत. पुढं ते म्हणाले, बुधवारीही ये. गेलो. तर रविवारी दुकान आणि बुधवारी गाडी, अशी तिनं तीच दोन वाक्यं वाटून टाकली.

मग एके दिवशी मामांनी मला रसवंतीवर नेलं. "ॲसिटोन आन् आयोडीन आठवतंय?" त्यांनी विचारलं. "समीकरणात आयोडीन हाय. पण किती बी ओत, वेग तसूभर वाढत न्हाई. सावकाशीचा टप्पा आधी असतो, ॲसिटोन आतून बदलतं तवाचा. तिथं आयोडीनचं काय काम न्हाई. तुझी ऑर्डर शून्य हाय, भाचेबुवा. म्हंजी तू वाईट हायेस असं न्हाई." मी ग्लास तसाच ठेवून दोघांच्या रसाचे पैसे दिले.

आई तरातरा न्हावऱ्याला गेली. "तू बाप हायस. एक शब्द टाक, पोरगी न्हाई म्हणायची न्हाई."

"म्हणून तर टाकत न्हाई, आक्का," मामा म्हणाले. "रीडिंग आलं तसं लिहायचं."

त्यानंतर आईनं दोन भाऊबिजा त्यांना एक शब्दही न बोलता ओवाळलं. मामा दोन्ही वेळा आले, पाटावर बसले आणि केळीचे घड ठेवून गेले. शीतलनं वर्गातल्याच एका मुलाशी लग्न केलं, आता ती शिरूरला सुखात आहे. मीही सुखात आहे. माझी बायको हा किस्सा पाहुण्यांना माझ्यापेक्षा रंगवून सांगते.

गेल्या महिन्यात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जुन्या वह्या रद्दीत काढायच्या म्हणून त्यांनी मला बोलावलं. त्या ढिगात ती वही निघाली. वर तारीख, खाली शीतल काय म्हणाली ते, जसंच्या तसं. 'दुकान कसं चाललंय.' 'गाडी सावकाश ने.' पहिल्या तीन आठवड्यांची रीडिंग हुबेहूब सारखी. मी पान उलटलं. पुढं चौथं होतं, पाचवं होतं. एकूण अकरा होती.

"मामा, हे तर तिसऱ्यालाच कळलं होतं."

"व्हय."

"मग अकरा?"

हिरव्या पट्टीखालून त्यांनी डोळा टिपला. डॉक्टरांनी हात लावायला मनाई केली होती. "वाटलं, एखादं चुकलं असंल," ते म्हणाले.

मी वही गठ्ठ्यातून बाजूला काढली आणि माझ्या पिशवीत ठेवली. मामांनी ते पाहिलं, आणि रद्दीवाला अजून आला नव्हता तरी त्याला हाक मारायला म्हणून ओट्यावर जाऊन उभे राहिले.