बादलीचा बाजा

"घोडीवर बसायला शीक, नाईतर विकतो तिला," नवरा म्हणाला. म्हणून आमची वरातीची घोडी घेऊन मी बल्लारपूरच्या मैदानावर गेले. शिकवणारे भाऊ अनोळखी, सारखा मिशीवरून हात फिरवणारे. मी कशीबशी चढले, पण घोडी जागची हलेना.

"ही अशी काऊन करून राह्यली?"

"भाऊ, बाजा वाजल्याबिगर ही चालत नाई," मी पुटपुटले.

त्यांनी मिशी सोडली, पाण्याची बादली उलटी केली आणि ती बडवत पुढे निघाले. घोडी नाचायलाच लागली. लोक जमले. मी तोंडावर पदर ओढला.

"बाई, लाजून काऊन राह्यल्या? आज तुमीच नवरदेव!"

मी पदर सोडला आणि दोन्ही हातांनी लगाम धरला.

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. घोडी मात्र अजून आमच्याच दारात आहे.